आईला जुना चालतो

छत्रपती संभाजीनगरच्या पैठण गेटला फोन घ्यायला माणूस सहसा एकटा येत नाही. सोबत एक जाणकार असतो. मेहुणा, मावसभाऊ, वाळूजच्या कंपनीत बरोबर काम करणारा मित्र, नाहीतर अकरावीतला पुतण्या. काउंटरवर आलेला फोन आधी त्याच्या हातात जातो. तो कडेवरून नख फिरवतो, स्क्रीन तिरकी धरून उजेडात बघतो, कॅमेऱ्याच्या काचेवर फुंकर मारतो, *#०६# दाबून आलेले आकडे डब्यावरच्या आकड्यांशी ताडून बघतो. ज्याचे पैसे जाणार आहेत तो तोवर गप्प उभा असतो आणि शेवटी एकच विचारतो, "मग, घ्यायचा का?"

गुलमंडीवरून टिळकपथाने पुढे आलं की हा भाग लागतो. १६८२ साली औरंगजेबाने शहराभोवती तट बांधला, तेव्हा पैठणची वाट या दरवाजातून बाहेर पडायची. आता दरवाजाच्या आसपास मोबाईलच मोबाईल. सीलपॅक फोनचं चकचकीत शोरूम, त्याला लागून जुन्या फोनचं काचेचं कपाट, पुढे कव्हर आणि ग्लास लावणारा, आणि जिन्याखालच्या चार फुटांत मायक्रोस्कोपला डोळा लावून बसलेला कारागीर. सिल्लोडहून आलेलं गिऱ्हाईक मराठवाडी मराठीत विचारतं, काउंटरमागचा पोरगा दखनीत उत्तर देतो, आणि व्यवहार कुठेच अडत नाही. "ह्यो हँग तर नाही व्हायचा ना?" "नै होता मामा, चलाके देखो."

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी 'जुनं आणि नवं' असा विषय दिला, तेव्हा त्यांच्या मनात बहुधा वाडे, हिमरू शाली, पैठणी असं काही असावं. मला हे काउंटर आठवलं. जुनं की नवं हा प्रश्न इथे रोज विचारला जातो, आणि खिशातून पैसे काढून त्याचं उत्तर द्यावं लागतं.

बजेट पंधरा

इथला प्रश्न वर्तमानपत्रांच्या तंत्रज्ञान पुरवणीतला नाही. यंदाचा सर्वांत महाग फोन घ्यावा की मागच्या वर्षीचा, याची चिंता इथे फारसं कुणी करत नाही. इथे माणूस येतो आणि सांगतो, "बजेट पंधरा." पंधरा म्हणजे पंधरा हजार. त्यात दोन वाटा निघतात. एक, कंपनीचा सीलबंद, एक वर्षाच्या वॉरंटीचा, आजच्या तारखेचा स्वस्त फोन. दुसरी, तीन-चार वर्षांपूर्वी पन्नास-साठ हजारांना विकला गेलेला आणि आता कपाटात पडलेला फोन.

नुसतं हातात घेऊन ठरवायचं तर जुना दर वेळी जिंकतो. पाठ काचेची, कड धातूची, कॅमेरा हात हलला तरी फोटो हलू न देणारा. स्वस्त नव्या फोनच्या डब्यावर '८ जीबी रॅम' मोठ्या अक्षरांत असतं आणि आकड्याच्या डोक्यावर एक बारीक तारा. तारा खाली कोपऱ्यात सांगतो की खरी रॅम चार जीबी. उरलेली चार म्हणजे स्टोरेजमधून उसनी घेतलेली जागा. स्टोरेज रॅमपेक्षा कितीतरी संथ असतं, त्यामुळे उसन्या जागेची किंमत वापरताना कळते. कॅमेऱ्याचंही तसंच. ५० मेगापिक्सेलच्या एका भिंगाभोवती दोन-तीन गोल असतात, त्यांतले एक-दोन शोभेपुरतेच.

सप्टेंबर २०२५ मध्ये आणखी एक प्रश्न सुरू झाला होता. २२ तारखेला जीएसटीचे दर बदलले, टीव्ही आणि एसी २८ टक्क्यांवरून १८ वर आले. मग मोबाईल किती उतरला, असं विचारत लोक येऊ लागले. मोबाईल उतरला नाही. तो २०२० पासून १८ टक्क्यांतच आहे आणि तिथेच राहिला. दुकानदारांना हे दिवसभर समजावत बसावं लागत होतं, आणि काही गिऱ्हाइकांचा त्यावर विश्वास बसत नव्हता.

आयफोनचं खातं वेगळं. आयफोन १३ सप्टेंबर २०२१ मध्ये भारतात आला तेव्हा त्याची किंमत ७९,९०० रुपये होती. २०२५ मध्ये जुन्या बाजारात तो तिसाच्या आतबाहेर मिळत होता, आणि विद्यापीठाच्या बाजूची, अभ्यासिकांतली, ढोल पथकांतली पोरं त्यासाठी पैसे साठवतात. कारण विचारलं तर "कॅमेरा" म्हणतात. ते खोटं नाही, पण पुरतं खरंही नाही. फोन पाठीकडून कसा दिसतो याला इथे भाव आहे, आणि तो भाव देणाऱ्या पोराला हसण्याचा अधिकार निदान लग्नात पैठणी मिरवणाऱ्यांना नाही.

शेवटची तारीख

फोनचं वय आपण तो बाजारात आला त्या दिवसापासून मोजतो. मोजायला हवं ते उलट बाजूने: कंपनी याला शेवटचं अपडेट कधी देणार आहे, आणि त्या दिवसाला अजून किती अवकाश आहे.

गूगलने ऑक्टोबर २०२३ मध्ये पिक्सेल ८ काढताना सात वर्षं अपडेट देऊ असं जाहीर केलं. जानेवारी २०२४ मध्ये सॅमसंगने एस२४ ला तोच शब्द दिला. त्याआधीच्या फोनना शब्द कमी वर्षांचा. २०२१ च्या सुरुवातीला आलेल्या एस२१ ला सुरक्षा अपडेटची पाच वर्षं मिळाली. म्हणजे २०२५ च्या अखेरीस कपाटातून मोठ्या हौसेने एखादा एस२१ उचलला, तर त्याच्या मुदतीतले काही महिनेच हाती उरत होते. उलट सॅमसंगच्याच ए१६ ५जी या साध्या, प्लास्टिकच्या फोनला सहा वर्षांचं आश्वासन आहे आणि तो २०२४ मधला आहे. चांगला फोन कोणता, याचं उत्तर एस२१. जास्त दिवस जपला जाणारा कोणता, याचं उत्तर ए१६. जाणकार मेहुणा पहिल्याच प्रश्नाचं उत्तर देतो, कारण दुसऱ्याचं उत्तर काउंटरवर दिसत नाही.

आयफोनमध्येही हीच रेघ आहे. आयफोन एक्सआर २०१८ मध्ये ७६,९०० रुपयांना आला होता. सप्टेंबर २०२५ मध्ये ॲपलने आयओएस २६ आणलं आणि एक्सआरला दाराबाहेर ठेवलं. ते व्हर्जन आयफोन ११ पासून पुढच्यांनाच. एक्सआर त्या दिवशी बंद पडला नाही. जुन्या व्हर्जनवर तो चालतोच आहे, सुरक्षेच्या डागडुज्याही काही काळ मिळत राहतील. पण ॲप बनवणारेही एकेक पायरी वर सरकत असतात. मे २०२५ मध्ये व्हॉट्सॲपने आयओएस १५.१ च्या खालचे फोन सोडले, आणि आयफोन ६ वापरणाऱ्यांच्या हातात फोन राहिला, व्हॉट्सॲप गेलं.

अँड्रॉइडमध्ये ही तारीख बघणं सोपं आहे. सेटिंग, अबाउट फोन, अँड्रॉइड व्हर्जन. तिथे 'सिक्युरिटी अपडेट' समोर महिना आणि वर्ष लिहिलेलं असतं. मी काउंटरवर बरेच फोन असे उघडून बघितले. दुकानदार हसत होता. गिऱ्हाईक कॅमेरा उघडतं, स्पीकर वाजवून बघतं. ही तारीख कुणी विचारत नाही, असं त्याचं म्हणणं. दोन वर्षांपूर्वीची तारीख दाखवणारा एक फोन दिसायला नवाकोरा होता.

अपडेट थांबलं म्हणजे नेमकं काय होतं? दुसऱ्या दिवशी काहीच नाही, म्हणूनच ते कळत नाही. पुढे जी भोकं सापडतात ती या फोनमध्ये बुजवली जात नाहीत, एवढंच. शिवाय नव्या अँड्रॉइडमध्ये जे अडसर घातलेत ते जुन्याकडे नसतात. व्हॉट्सॲपवर 'लग्नपत्रिका' म्हणून येणारी, आरटीओचं चलन म्हणून येणारी एपीके फाइल महाराष्ट्रात आता पोलिसांनाही नवी नाही. ती उघडली की ॲप बसतं आणि तुमचे मेसेज वाचायची, स्क्रीन हाताळायची परवानगी मागतं. अँड्रॉइड १३ पासून बाहेरून आलेल्या अशा ॲपला यातल्या सर्वांत धोक्याच्या परवानग्या सहजासहजी मिळत नाहीत, फोन मध्येच आडवा येतो. अँड्रॉइड १० वर तो येत नाही. नवा फोन घेतला म्हणून फसवणूक टळते असं अजिबात नाही. पण अडसर एक कमी असणं आणि एक जास्त असणं यांत बँक खात्याएवढा फरक पडू शकतो.

फोल्डर, बॅटरी आणि पत्र्याचं घर

जिन्याखालच्या कारागिराकडे मी जास्त वेळ बसले. त्याच्यासमोर एक चटई, त्यावर चुंबकाला चिकटलेले स्क्रू, हॉट एअरचं मशीन, आयसोप्रोपिल अल्कोहोलची बाटली, दात घासायचा ब्रश. बोलताना त्याचे हात थांबत नाहीत. आत्ताच एका फोनची चार्जिंग पिन बदलून झाली होती. वाळूजला जाणाऱ्या कामगाराच्या खिशातला चुरा, तंबाखूची भुकटी, कापसाचे धागे, असं सगळं त्या पिनेतून सुईने निघालं होतं. "आधे फोन तो ऐसेच ठीक हो जाते, पिन साफ किए तो," तो म्हणाला. पैसे मात्र पिन बदलल्यावरच मिळतात, हे त्याने सांगितलं नाही. मी समजून घेतलं.

त्याच्या लेखी जुन्या फोनचे तीनच भाग महत्त्वाचे: बॅटरी, फोल्डर, बोर्ड. फोल्डर म्हणजे काच आणि डिस्प्ले मिळून येणारा पूर्ण पुढचा भाग. बॅटरी गेली तर दुःख नाही, पंधरा-वीस मिनिटांचं काम. फोल्डर गेलं तर भाव विचारून ठरवायचं. बोर्ड गेला तर "नक्को बोलो."

बॅटरीचं गणित ठाऊक असलेलं बरं. लिथियम-आयन बॅटरी प्रत्येक चार्जबरोबर थोडी झिजते. आयफोन १४ पर्यंतच्या बॅटऱ्या ५०० पूर्ण चार्जनंतर ८० टक्के क्षमता राखतील अशा बेताने बनवल्या आहेत. १५ पासून हा आकडा १,००० झाला. ५०० चार्ज म्हणजे रोज एकदा पूर्ण चार्ज करणाऱ्याची साधारण दीड वर्षं. पण हे आकडे बेताच्या हवामानातले. बॅटरीचा खरा शत्रू उष्णता. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशीपार जातो, आणि पत्र्याच्या घरात, दुचाकीच्या हँडलवर, उन्हात उभ्या ट्रॅक्टरच्या डॅशबोर्डवर चार्जिंगला लावलेला फोन त्याहून कितीतरी तापतो. त्यामुळे महाबळेश्वरचा तीन वर्षांचा फोन आणि मराठवाड्यातला तीन वर्षांचा फोन एका वयाचे धरू नयेत. डिलिव्हरी करणाऱ्या पोराने विकायला आणलेला फोन तर दुकानदार बाहेरून बघूनच ओळखतात. मॅप दिवसभर चालू, स्क्रीन पूर्ण उजेडावर, वरून ऊन.

बॅटरी थकली की फोन नुसता लवकर उतरत नाही, मंदही होतो. ॲपलने डिसेंबर २०१७ मध्ये मान्य केलं की थकलेल्या बॅटरीचे जुने आयफोन अचानक बंद पडू नयेत म्हणून कंपनीच सॉफ्टवेअरमधून त्यांचा वेग कमी करत होती. ग्राहकांना न सांगता हे केल्याबद्दल फ्रान्सने २०२० मध्ये २.५ कोटी युरोंचा दंड केला, अमेरिकेतल्या दाव्यात ५० कोटी डॉलरपर्यंतची तडजोड झाली. त्या प्रकरणातून एक गोष्ट जगभरच्या ग्राहकांना फुकट शिकायला मिळाली. अनेक 'म्हातारे' फोन नव्या बॅटरीने तरुण झाले. पैठण गेटच्या कारागिरांना ती आधीपासून माहीत होती.

म्हणून जुन्या आयफोनमध्ये 'बॅटरी हेल्थ' बघायची रीत पडली. ती बघावी, पण आंधळेपणाने नाही. चार वर्षांच्या फोनमध्ये हेल्थ १०० दिसली तर आनंद नको, चौकशी करा: बॅटरी कुणी बदलली, कुठली टाकली? मूळ बॅटरीची छोटी सर्किट-पट्टी नव्या सेलवर चढवून आकडा हवा तसा दाखवणारे हातही याच बाजारात असतात. आयओएस १५.२ पासून सेटिंगमध्ये 'पार्ट्स अँड सर्व्हिस हिस्टरी' दिसते. बदललेला भाग कंपनीचा नसेल तर तिथे 'अननोन पार्ट' लिहून येतं. दुकानदार ती पाटी बघून भाव पाडतो, गिऱ्हाइकाला मात्र ती आपणहून दाखवत नाही.

फोल्डरची खोटी नोट ओळखणं त्याहून सोपं आहे. मूळ पडदा ॲमोलेड असेल आणि त्या जागी स्वस्तातला एलसीडी बसवला असेल, तर पूर्ण काळा फोटो उघडा आणि ओंजळीत अंधार करून बघा. ॲमोलेडमध्ये काळं म्हणजे काळं, तिथे उजेडच नसतो. एलसीडीत काळं राखाडी दिसतं आणि कडेने उजेड झिरपतो. पडदा थोडा जाड असल्यामुळे फ्रेमच्या वर उचलल्यासारखाही लागतो. जाणकाराचं नख कडेवरून फिरतं ते याचसाठी.

आणि पाणी. फोन एकदा उघडला की त्याचं मूळचं सील गेलं. पाण्यात टिकण्याचं रेटिंग जन्मभराचं नसतं, हे कंपन्याही बारीक अक्षरांत सांगतात. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यावर जो पाऊस झाला, त्यात शेतं गेली, घरं गेली, पैठणला जायकवाडीच्या विसर्गामुळे वस्त्या हलवाव्या लागल्या. नंतर कारागिरांकडे भिजलेले फोन येत राहिले. बरेचसे तांदळाच्या डब्यात ठेवून आणलेले. तांदळाने आतलं पाणी सुकत नाही, उलट पिनेत पीठ जातं. फोन ताबडतोब बंद करणं आणि चार्जिंगला न लावणं, एवढंच घरी करता येतं.

दुरुस्तीला या देशात अजून कायद्याचा नीट आधार नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, मग पोर्टल काढलं. मे २०२५ मध्ये आणखी एका समितीने फोन आणि घरगुती उपकरणांवर 'दुरुस्त करायला किती सोपं' याचा निर्देशांक छापावा अशी शिफारस केली. युरोपीय संघात जून २०२५ पासून नियमच लागू झाला: फोनचे सुटे भाग सात वर्षं मिळाले पाहिजेत, मॉडेलची विक्री थांबल्यावर पाच वर्षं अपडेट दिलं पाहिजे. हे दोन नियम उद्या आपल्याकडे आले, तर कपाटातल्या अर्ध्या फोनचे भाव बदलतील.

जिवंत असल्याचा पुरावा

आता बाजारातून बाहेर पडून शेतात जाऊ. फुलंब्री तालुक्यात मक्याच्या रानात एक शेतकरी फोन आडवा धरून उभे होते. ई-पीक पाहणी. १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रात पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः ॲपवर करायची असते. शेतात उभं राहायचं, पिकाचा फोटो काढायचा, फोन अक्षांश-रेखांश त्याला जोडतो आणि नोंद सातबाऱ्यावर जाते. पूर्वी हे तलाठ्याचं काम होतं. नोंद राहिली तर पुढे नुकसानभरपाई, पीकविमा, हमीभावाची खरेदी, सगळीकडे अडचण.

त्यांचा फोन मुलाने दिलेला. मुलगा वाळूजला नोकरीला, त्याने नवा घेतला आणि हा गावाकडे पाठवला. ॲप उघडायला वेळ लागत होता, मग जीपीएस स्थिर होईना, मग झालं तर फोटो चढेना. "सर्व्हर डाऊन आसंल," ते म्हणाले. असेलही, सर्व्हर पडतोच. पण शेजारच्या बांधावरच्या पोराच्या फोनवर काही मिनिटांत नोंद झाली, आणि मग त्याच फोनवरून यांचीही झाली. एका फोनवरून अनेक खातेदारांची नोंद करता येते ही सोय ॲपमध्ये आहे. गावात एक बरा फोन असला की भावकी निभावते.

दुसरं ठिकाण शहरातलंच, निवृत्त शिक्षकांचं घर. निवृत्तिवेतन घेणाऱ्यांना दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. २०२१ पासून तो फोनच्या कॅमेऱ्यासमोर चेहरा धरूनही देता येतो, बँकेत रांग लावायची गरज नाही. सोय फार चांगली. फक्त त्यासाठी कसा फोन हवा हेही सरकारने सांगून ठेवलंय: किमान ४ जीबी रॅम, ५ मेगापिक्सेलचा कॅमेरा. म्हणजे आपण जिवंत आहोत हे सांगायला किमान ४ जीबी रॅम लागते. गुरुजींच्या फोनमध्ये दोन होती. ते नेहमीप्रमाणे बँकेत जाणार आहेत.

आणि मग राज्याची लाडकी बहीण योजना. २०२४ च्या पावसाळ्यात 'नारीशक्ती दूत' ॲपवर फॉर्म भरायची झुंबड आठवत असेल. मग सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी आली: वेबसाइट उघडा, आधार क्रमांक टाका, ओटीपी घ्या. महिन्याला दीड हजार रुपये ज्या धाग्यावर आहेत, तो धागा त्या बाईच्या हातातल्या फोनमधून जातो. तो फोन बहुतेक वेळा घरातला सर्वांत जुना असतो.

मला या लेखात सांगायचं आहे ते इथे आहे. घरात नवा फोन आला की उतरंड हलते. नवा मुलाला, मुलाचा बायकोला, तिचा वडिलांना, आणि ज्याची कड फुटलीय, जो दुपारी तीनला उतरतो, ज्याची शेवटची सुरक्षा तारीख तीन वर्षांपूर्वीची आहे, तो आईला. "आईला काय, जुना चालतो," हे वाक्य मी काउंटरवर इतक्यांदा ऐकलं की ते दुकानाच्या पाटीवर लिहिलं तरी चालेल. हिशोब वरवर बरोबर दिसतो. ती गेम खेळत नाही, रील बनवत नाही. पण मुलाच्या फोनवर काय असतं आणि आईच्या फोनवर काय असतं याची यादी करून बघा. आईच्या फोनवर योजनेचं बँक खातं, बचत गटाचे व्यवहार, गॅसचं बुकिंग, नळाला पाणी कोणत्या दिवशी येणार हे सांगणारा वॉर्डाचा ग्रुप (या शहरात ही चैनीची माहिती नव्हे), आणि 'लग्नपत्रिका' फाइल उघडून बघणारं मन. सर्वांत कमी जपलेला फोन आपण सर्वांत जास्त गमावू शकणाऱ्या माणसाच्या हातात देतो.

रिचार्जचा हिशोब

५जी घ्यावं का, या प्रश्नाला तांत्रिक उत्तर देण्यात अर्थ नाही. एखाद्या खोलीत चौघं राहतात, वायफाय नाही, यूट्यूबवर स्पर्धा परीक्षेची लेक्चर दिवसभर. जुलै २०२४ पासून जिओने अमर्याद ५जी फक्त रोज २ जीबी किंवा त्याहून मोठ्या प्लॅनवर ठेवलं. तो प्लॅन असेल तर एकाच ५जी फोनच्या हॉटस्पॉटवर खोली चालते. अशा पोराला ४जीचा कितीही देखणा जुना फोन महागात पडतो. त्याच्या आजीला मात्र ५जीने काहीही मिळत नाही.

पण एक अडचण ध्यानात ठेवावी. भारतात ५जी १ ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालं. त्याआधी, २०२०-२१ मध्ये, '५जी रेडी' म्हणून विकलेल्या अनेक फोनमध्ये मोजकेच बँड होते. जिओचं ५जी स्वतंत्र जाळ्यावर चालतं आणि ७०० मेगाहर्ट्झचा पट्टाही वापरतं. हे दोन्ही नसलेला फोन '५जी' लिहून ४जीच दाखवत राहतो. सिम घालून दुकानाबाहेर चौकात उभं राहून बघणं हा एकच उपाय.

बिल-बॉक्स

जुन्या फोनच्या काउंटरवरचा सर्वांत महत्त्वाचा शब्द 'बिल-बॉक्स'. बिल आणि डबा सोबत असेल तर भाव जास्त, नसेल तर कमी, आणि फारच कमी असेल तर तिथून निघावं. १६ मे २०२३ पासून देशभर चालू असलेल्या 'संचार साथी' पोर्टलवर हरवलेल्या फोनचा आयएमईआय बंद करता येतो, आणि घेण्याआधी तपासताही येतो. केवायएम लिहून, मध्ये जागा सोडून, फोनचा पंधरा आकडी आयएमईआय १४४२२ वर पाठवायचा. उत्तरात फोनचं मॉडेल येतं. हातातला फोन एक आणि मेसेजमधला दुसरा, असं दिसलं तर काय ते समजावं. आयएमईआय बदलणं हा २०२३ च्या दूरसंचार कायद्याने तीन वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे.

चोरीपेक्षाही आता जास्त दिसणारी भानगड हप्त्याची. फायनान्सवर घेतलेल्या फोनमध्ये वित्त कंपनीचं लॉक बसवलेलं असू शकतं. हप्ता चुकला की पडदा बंद. मूळ मालक दोन हप्ते भरून फोन विकून टाकतो, तिसऱ्या महिन्यात तुमच्या हातातला फोन पाटी दाखवतो. बिल, डबा, आयएमईआय सगळं चोख असतं. म्हणून बिलावर फायनान्सचा उल्लेख असेल तर 'नो ड्यूज' मागावं, आणि फोन दुकानातच पूर्ण रिसेट करून, आपलं गूगल खातं घालून, चालू होताना बघावं. विकणाऱ्याचं जुनं खातं काढलेलं नसेल तर ते तिथेच उघडं पडतं. मी पाहिलं तेव्हा एका भावी मालकाला हे करू द्यायला दुकानदार तयार नव्हता. "टाइम नै है." भावी मालक उठून शेजारच्या दुकानात गेला.

काउंटरवरची आई

दसऱ्यानंतरच्या एका संध्याकाळी एक बाई मुलाबरोबर आल्या होत्या. मुलाने स्वतःसाठी सीलपॅक ५जी पसंत केला होता. जुन्याला एक्स्चेंजमध्ये बाराशे मिळत होते. "बाराशेत काय येतंय," तो म्हणाला, "आईला राहू दे." त्याला तो नव्या बॅटरीसह आईच्या हातात द्यायचा होता.

काउंटरवरच्या पोराने फोन उघडला, सेटिंगमध्ये गेला. मघाशी मी तारखा बघत होते ते त्याच्या डोक्यात राहिलं असावं. सुरक्षेची तारीख २०२१ ची निघाली.

"बॅटरी डालता मैं. पण बँक-बिंक नक्को चलाओ इसमें."

"बँक कोण चालवतंय," मुलगा म्हणाला.

"मीच चालवते की," आई म्हणाल्या. "गटाचे पैसे कोण टाकतंय मग? तू?"

मुलगा काही बोलला नाही. आईंनी कपाटातल्या फोनवरून नजर फिरवली, मग सीलपॅकच्या बाजूला. दहा हजारांच्या आतला एक डबा काढायला लावला. अक्षर मोठं होतं का, मराठीत बोलून लिहिता येतं का, किती दिवस अपडेट येणार, असं विचारलं. शेवटचा प्रश्न त्यांनी दोनच मिनिटांपूर्वी ऐकून उचलला होता, आणि काउंटरवरच्या पोराला त्याचं उत्तर चटकन देता आलं नाही. त्याने मालकाला फोन लावला.

"आई, आत्ताच कशाला," मुलगा म्हणाला, "दोन फोन एकदम..."

"तुझ्या पैशात नाही मागायले. माझे पंधराशे साचलेत खात्यात. कमी पडले तर तू घाल." मग पोराकडे वळून, "डबा इथंच फोड, सिम घालून चालू करून दाव. आन् बिल माझ्या नावानं कर, त्याच्या नको."